मुरायला ठेवलेलं घड्याळ

मळवलीच्या स्टेशनमास्तरांचं गजराचं घड्याळ आठ महिने गेनूभाऊंच्या घरी होतं. भाताची लावणी चालू असताना ते आत गेलं, आणि नवं भात गिरणीतून येऊन निम्मं खाऊन झालं तरी ते आतच होतं. त्या आठ महिन्यांत गजराचं काम मास्तरीणबाईंनी केलं. मास्तरांची तक्रार एवढीच होती, की घड्याळाचा गजर निदान थाप मारून बंद करता येतो.

घड्याळाला झालं काय होतं? किल्ली अडकत होती. बस्स.

पण गेनूभाऊंच्या उंबऱ्याच्या आत गेलेली वस्तू अशी तशी बाहेर येत नसे. तुम्ही कुलूप द्या, कंदील द्या, शिवणाचं मशीन द्या. गेनूभाऊ ती वस्तू दोन्ही हातांत घेत, कानाशी नेत, डोळे मिटत आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतो तशा आवाजात म्हणत, "ठेवून जावा."

"कधी येऊ?"

"या की उद्या, बगाय."

उद्या गेलं की, "झालंय. पन मुरू द्या."

मुरू द्या! लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. कुलूप मुरतं हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, आणि पुस्तकं मी बरीच वाचली आहेत. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. नुसता घराण्यातला नाही, मळवलीपासून लोहगडाच्या पायथ्यापर्यंत पहिला. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण सांगतो.

गेनूभाऊ आमचे शेजारी. त्यांच्या नि आमच्या घरामध्ये एक गोठा आणि एक करंजाचं झाड, एवढंच अंतर. रेल्वेनं घाटात विजेच्या तारा ओढल्या तेव्हा ते दोन वर्षं एका फिटरच्या हाताखाली खलाशी, म्हणजे हरकामे मदतनीस, होते. तिथं त्यांना यंत्राचं जे वेड लागलं ते लागलंच. बायको जाऊन नऊ-दहा वर्षं झालेली, पोरबाळ नाही. जमीन धाकटा भाऊ कसायचा आणि यांच्या वाटणीची पोती आणून पडवीत टाकायचा. म्हणजे गेनूभाऊंना दिवसभर यंत्रं उघडायला सवडच सवड. त्यात लढाईचे दिवस. बाजारात नवी वस्तू मिळत नव्हती, मिळाली तर परवडत नव्हती, आणि जुनी दुरुस्त करणारा आसपासच्या पाच-सात गावांत हा एकच माणूस. जाता कुठं?

नामदेव शिंप्याचं मशीन त्यांनी दीड महिना ठेवून घेतलं. शिंपी बिचारा पोटासाठी काय करणार? बेतलेले कपडे घेऊन रोज दुपारी गेनूभाऊंच्या पडवीत येऊन बसायचा आणि तिथंच हातानं टाके घालायचा. का, तर मशीन झालं की पहिली शिवण तिथंच मारता यावी. दीड महिन्यात त्यानं सतरा बंड्या हातानं शिवल्या. "माझ्या आज्यानं बी येवढं हातानं शिवलं नसंल," असं तो सांगत असे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. लोणावळ्याच्या शाळेत मास्तरकी लागली तेव्हा मळवली स्टेशनापर्यंत जायला मी एक जुनी सायकल घेतली. महिन्याभरात तिचा मागचा ब्रेक चाकाला घासायला लागला. गेनूभाऊंकडे दिली. बावीस दिवस! बावीस दिवस मी बांधावरून तंगडतोड करत गाडी गाठली आणि रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत जाऊन तोच प्रश्न विचारला.

"गेनूभाऊ, सायकल?"

"बसा. च्या टाकतो."

"चहा नको. सायकल झाली का?"

"झाली म्हना की. पन घाई वळखती ती. आज न्याल आन उद्या परत आनाल. बसा."

मग गुळाचा, बिनदुधाचा, औषधासारखा काळा चहा. मग तो घाटातला फिटर आणि त्यानं बोगद्याच्या तोंडाशी एका हातानं खांब कसा सरळ केला ती गोष्ट. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे, की खांब मीच सरळ केला असं कधी कधी स्वप्नात दिसतं.

तर असे गेनूभाऊ एका संध्याकाळी माझ्याकडे एक छापील कागद घेऊन आले. ते आपण होऊन आमच्या घरी येत नसत, म्हणून मला नवल वाटलं.

"मास्तर, ह्ये वाचा."

लष्करभरतीचा कागद होता. फौजेला फिटर, मेकॅनिक असे कारागीर हवे होते. लिहितावाचता आलंच पाहिजे असं नव्हतं. परीक्षा यंत्राच्या समजेची, आणि ती पुढच्या महिन्यात लोणावळ्यात, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. मी वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. वयाची अट आली तसं त्यांनी बोट वर केलं. "तितं थांबा. त्यात मी बसतो का?"

आता गेनूभाऊंचं वय कुणाला ठाऊक? माझे वडील आणि ते पडवीत बसले आणि हिशेब सुरू झाला. इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा गेनू गुरं राखत होता का नांगर धरत होता? नदीचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं त्या साली त्याचे दुधाचे दात पडले होते का नाही? अर्धा तास खल झाला आणि निघालं ते असं, की यंदा गेनूभाऊ अटीत बसतात. काठावर, पण बसतात. पुढच्या वर्षी नाही.

"म्हंजी ह्याच साली," गेनूभाऊ म्हणाले.

"ह्याच साली," वडील म्हणाले.

"मंग मास्तर, शिकवा मला."

गावात ही बातमी पसरली तसे लोकांनी आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं, पगाराला भुलला. कुणी म्हणालं, खाकी कपड्याची हौस. कुणाला पेन्शन दिसलं. माझे वडील मात्र वेगळ्याच काळजीत. "गेनूकडं यक बंदूक दुरुस्तीला दिली ना, की लढाई धा वर्सं लांबली म्हनून समज. दुश्मनाला सांगंल, थांबा जरा, मुरू द्या."

मी शिकवायचं ठरवलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो हे खरं. पण पदवी ती पदवी. पुण्याच्या एका मित्राकडून मी अशा परीक्षांचं एक पुस्तक मिळवलं. त्यात नुसती चित्रं होती. दात्यांची चाकं एकमेकांत अडकलेली. पहिलं चाक उजवीकडे फिरलं तर शेवटचं कुठं फिरेल? मी दोन रात्री बसून ती सगळी स्वतः सोडवली, शेवटी दिलेली उत्तरं न बघता. एक-दोनच बघितली.

पहिल्या दिवशी मी चाकांचं चित्र गेनूभाऊंपुढं धरलं. त्यांनी ते कंदिलाजवळ नेलं, तिरपं धरलं, उलटं धरलं.

"सांगा, हे शेवटचं चाक कुठल्या अंगाला फिरेल?"

"न्हाई फिरायचं."

"का?"

"तेलाचं भोक कुटं हाय ह्याला? येवढी चार चाकं लावली आन येकाला तेल घालायची सोय न्हाई. कुनी केलं ह्ये?"

"अहो, चित्र आहे ते!"

"असू द्या की. चित्र झालं म्हनून काय चाक कोरडं चालवायचं?"

दुसऱ्या चित्रात दोन बैलगाड्या उतारावर. कुठली उलटेल? गेनूभाऊ म्हणाले, "गाडीवान कोन हाय त्यावर हाय ते." तिसऱ्यात एका फळीच्या दोन टोकांना दोन माणसं बसलेली, जड कोण? गेनूभाऊ बराच वेळ बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "ह्यो डावीकडचा आजारी दिसतोय वो." मी पुस्तक मिटलं.

शेवटी तोड निघाली ती अशी. मी म्हणालो, "गेनूभाऊ, असं समजा, की या सगळ्या चाकांना आधीच तेल घातलेलं आहे."

"कुनी?"

"सरकारनं."

"मंग जमलं." आणि त्यांनी बोटानं चारही चाकं हवेत फिरवून बरोबर उत्तर दिलं. पुढची बाराही बरोबर. यातली दोन माझी चुकली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही.

चित्रांचं निभावलं. पण खरा घोळ पुढं होता. परीक्षेचा दुसरा भाग पेटीचा. एका पेटीत सुटी केलेली यंत्रं असतात आणि ती जोडायची असतात, पाचही, अर्ध्या तासात. अर्धा तास! ज्या माणसाला एका कुलपाला अडीच महिने लागतात त्याला पाच वस्तूंना अर्धा तास!

मी चहाचं एक रिकामं खोकं आणलं. त्यात माझ्या सायकलची घंटा, आमच्या कोठीचं कुलूप, एक पाण्याचा नळ, स्टोव्हचा पंप आणि सुपारीचा अडकित्ता असं सगळं सुटं करून टाकलं. सुटं करणं मला जमलं. पहिल्या पगारातून घेतलेलं मनगटी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणालो, "चला. सुरू."

गेनूभाऊंनी घंटेचं टोपण उचललं. फुंकलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं. "मास्तर, पुन्यात म्हनं दोन मजली बस आलीय?"

"गेनूभाऊ, हात!"

"हात चालूच हाय. च्या ठेवू का?"

एक तास दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक तास बारा. मी युक्त्या काढल्या. प्रत्येक भागाला चिठ्ठी लावली, चिठ्ठीवर आकडा घातला. एकनंतर दोन, दोननंतर तीन, डोकं लावायचं कामच नाही. शास्त्रशुद्ध पद्धत. दुसऱ्या दिवशी गेलो तर चिठ्ठ्या नाहीत. चुलीत जाळ धरत नव्हता म्हणून चिठ्ठ्या कामी आल्या होत्या. मी बोलणं बंद करायचा नियम केला. तो त्यांनी एक दिवस पाळला आणि त्या दिवशी ते इतके कासावीस झाले, की स्टोव्हच्या पंपाशीच बोलायला लागले. पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. आम्ही एक तास पाच मिनिटांच्या खाली काही उतरलो नाही.

मी घरी येऊन आईपुढं चिडचिड करायचो. "जगात एवढा मंद माणूस पाहिला नाही!"

आई भाकरी थापता थापता म्हणायची, "शिकव की. हितं लवकर यून तरी काय दिवे लावनार हाईस?"

आई बिनशिकलेली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे, आणि घातला तर मी हरत असे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचं घड्याळ लावलं. एक तास सात मिनिटं. माझा संयम सुटला. मी रोखठोक बोलणारा माणूस आहे. म्हणालो, "गेनूभाऊ, तुमचं उद्या जमणार नाही. अर्ध्या तासात तुमची घंटासुद्धा व्हायची नाही. उगाच हसं करून घेऊ नका. जाऊच नका म्हणतो मी."

गेनूभाऊंनी कुलूप खाली ठेवलं. "उद्या न्हाई जमलं तर मंग न्हाईच का?"

"नाहीच. पुढच्या वर्षी वय उलटलं."

त्यांनी चहाचे दोन कप उचलून मोरीत नेले आणि पुन्हा पुन्हा विसळत राहिले. मी उठलो तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "सकाळच्या गाडीला हाक मारा तेवडी."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर उमेदवार. पुण्याकडचे, घाटाखालचे, लोणावळ्यातले बंगल्यांवर काम करणारे, बहुतेक विशी-बाविशीतले. त्यांच्यात गेनूभाऊ फेटा बांधून, कल्ल्यांना काजळी लावून बसलेले. केस काळे दिसावेत म्हणून कंदिलाच्या काचेची काजळी! एक गोरा साहेब, एक साताऱ्याकडचा हवालदार. मला नावं पुकारायला आणि कागद वाटायला उभं केलं होतं; उमेदवारांशी बोलायची बंदी होती.

चित्रांचे कागद गोळा झाले. साहेबानं गेनूभाऊंचा कागद हातात घेतला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. प्रत्येक चित्रातल्या प्रत्येक चाकावर पेन्सिलीनं एकेक बारीक टिंब काढलेलं होतं. एकही चाक सोडलेलं नाही. हवालदारानं दरडावलं, "ए फेटेवाल्या! हे काय केलंस?"

"तेलाची भोकं पाडली, हवालदारसायब. सरकारचं तेल हाय हे ठाव हाय मला, पन घालायचं कुटनं?"

हवालदारानं साहेबाला इंग्रजीत समजावलं. साहेब हसला नाही. त्यानं ते चित्र पुन्हा निरखून पाहिलं आणि कागदावर काहीतरी खूण केली. कसली ते मला दिसलं नाही.

मग पेट्या आल्या. हवालदारानं शिट्टी मारली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. गेनूभाऊंकडं बघायचं धाडस नव्हतं. हॉलभर खडखडाट, घरंगळलेले स्क्रू, टेबलाखाली वाकलेली डोकी. आणि या सगळ्यात एका कोपऱ्यातून घंटा वाजली. टिणिंग टिणिंग.

मी वळलो. गेनूभाऊंच्या पुढं पाचही वस्तू ओळीनं मांडलेल्या. घंटा, कुलूप, नळ, दाराचा खटका, दिव्याचा होल्डर. ते हात मांडीवर ठेवून, पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसे बसलेले. घड्याळात सात मिनिटं झाली होती.

हवालदार धावला. त्याला वाटलं, या पेटीतल्या वस्तू सुट्या करायच्याच राहिल्या असाव्यात. त्यानं स्वतःच्या हातानं सगळं उचकटलं, पेटीत टाकलं, पेटी खदाखदा हलवली आणि म्हणाला, "कर पुन्हा."

मी आजही डोळे मिटले की ते हात दिसतात. घाई नव्हती. पण एक बोटसुद्धा रिकामं नव्हतं. एका हातात नळाची मळसूत्रं फिरत असताना दुसऱ्या हाताचा अंगठा घंटेची स्प्रिंग दाबून बसवत होता. आणि तोंड? तोंड बंद! साहेब खिशातलं घड्याळ काढून शेजारी येऊन उभा राहिला. सहा मिनिटं.

शेवटी गेनूभाऊंनी कुलूप कानाशी नेलं, डोळे मिटले, आणि जुनी खोड उसळून आली. "हवालदारसायब, ह्याची स्प्रिंग थकलीया. सायबास्नी म्हनावं, ठेवून जावा. पुढल्या रविवारी या, बगाय."

हवालदारानं ते साहेबाला सांगितलं. या वेळी साहेब हसला. संध्याकाळी नावं वाचली त्यात गेनूभाऊंचं नाव पहिलं होतं. पाच दिवसांनी हजर व्हायचं.

मळवलीला उतरून आम्ही बांधावरून चालायला लागलो. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त राग आला होता. महिनाभर, रोज संध्याकाळी, शाळेतून दमून आल्यावर मी या माणसासमोर घड्याळ धरून बसलो होतो!

"गेनूभाऊ, थांबा जरा. तुम्हाला पाच वस्तू सहा मिनिटांत जोडता येतात?"

"येत्यात की."

"आज यायला लागल्या का आधीपासून येतात?"

"आदीपासनं."

"मग माझ्यासमोर तासभर काय करत होता? माझी चेष्टा चालवली होती?"

गेनूभाऊ पुढं चालत होते, ते थांबले नाहीत. फेटा काढून त्यांनी काखेत धरला होता आणि घामानं काजळी कानशिलावरून खाली ओघळली होती.

"मास्तर, सा मिंटात केलं असतं, तर तुमी सातव्या मिंटाला उठून घरी गेला असता."

बांध संपेपर्यंत मी त्यांच्या मागून चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते मला हाक मारून आपल्या आतल्या खोलीत घेऊन गेले. लोकांच्या वस्तू परत करायच्या होत्या, आणि कुठली कुणाची ते लिहून घ्यायला मी हवा होतो. इतकी वर्षं शेजार, पण त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. फळ्यांवर कुलपं, कंदील, स्टोव्ह, छत्र्या, एक ग्रामोफोन, सगळं फडक्यानं पुसलेलं. आणि सहा घड्याळं. सहाही चालू. सगळ्यांत एकच वेळ, आणि ती बरोबर. मी मनगटावर पाहून खात्री करून घेतली. म्हणजे हा माणूस रोज सहा घड्याळांना किल्ली देत होता. बिघडलेली वस्तू त्या खोलीत एकही नव्हती.

आम्ही एका बैलगाडीत सगळं भरलं आणि निघालो. ज्या दारात गेलो तिथं लोकांनी आधी कपाळाला हात लावला, मग वस्तू चालवून पाहिली, मग म्हणाले, "आत या की." एरवी गेनूभाऊंना आत बोलवायचं नाही असं गावात कुणी ठरवलं नव्हतं, पण एकटा, बायको नसलेला माणूस, कुणाच्या घरी कशाला जाऊन बसेल? सण असला तरी तो आपल्या पडवीत. बोलवायचं राहून जात असे, एवढंच. नामदेव शिंप्याच्या बायकोनं त्यांना खोबऱ्याची वडी दिली. शिंपी उगाच कात्री शोधत आतबाहेर करत होता. "आता दुपारी बसायचं कुटं, गेनूभाऊ?" एवढंच म्हणाला.

स्टेशनमास्तरांनी घड्याळ हातात घेतलं, गजर लावून पाहिला, तो खणखणला तशा मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची!" मास्तरांनी गेनूभाऊंना खुर्ची दिली. "गेनबा, लढाईवर जाताय. तिकडं बॉम्ब पडतात. भीती नाही वाटत?"

गेनूभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "वाटती की, सायब." मग काहीतरी खाजगी विचारावं तसं हळू आवाजात, "तितं म्हनं पन्नास पन्नास मानसं येका टायमाला जेवाय बसत्यात. खरं हाय का वो?"

"असतील बुवा," मास्तर म्हणाले. "मेस म्हणतात त्याला."

"मेस," गेनूभाऊंनी शब्द घोळवून पाहिला.

गाडी रिकामी व्हायला दिवेलागण झाली. तळाशी एक कंदील उरला होता, तो आमचा. मला तो आमच्या घरातून गेल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. गेनूभाऊ तो घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आई चुलीपुढं होती.

"वैनी, तुमचा कंदील."

"ठेवा तितं, भावजी."

त्यांनी कंदील ठेवला, पण दारातून हलले नाहीत. "वैनी, येक सांगू का? जाताना खोटं नको म्हनून सांगतो. ह्याला काय बी झालं न्हवतं. तुमी आनून दिला त्याच दिशी बगितला मी. वात, बर्नर, काच, समदं ठीक. तरी मी तो चार म्हैने ठेवून घेतला."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "चांगलाच आनून दिलता."

गेनूभाऊ तिच्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिलो. तिनं मान वर केली नाही. परातीतला पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागली.

"हात धुवा, भावजी. बसा." मग माझ्याकडं वळून, "तू काय हुबा ऱ्हायलास खांबासारका? पाट घे की त्यांना."

मी पाट घेतला. माझ्या आणि वडिलांच्या मध्ये जागा केली. गेनूभाऊ बसले, आणि तिघांत सगळ्यात सावकाश जेवले.